मुनाऱ्यांच्या आतली जमीन : भोपाळच्या तलावाकाठचे बांधकाम
पाणी, जमीन आणि परवानगी : लेखांक 6

नेहरू नगर ही भोपाळच्या नैर्ऋत्येकडची वसाहत. तिच्या एका अंगाला बड्या तलावाचे भदभदा धरण आहे, तर दुसऱ्या अंगाला कलियासोतचे खोरे. भारतीय वन व्यवस्थापन संस्थेची टेकडीही याच भागात. वसाहतीच्या आतल्या गल्लीत घरावर मजला चढवायचा असेल तर महापालिकेची नेहमीची परवानगी पुरते. तीच इमारत पाण्याच्या बाजूला सरकली की कायद्याचे आणखी थर तिच्यावर येतात. भोपाळला समुद्र नाही, त्यामुळे कोकणातल्या घरमालकांच्या परिचयाचे सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, नियम इथे लागू नाहीत. इथले बंधन पाणथळ क्षेत्राच्या नियमांतून आणि तलावाच्या पाण्याच्या पातळीतून येते.

पातळी कशी ठरली

बडा तलाव अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदीवर मातीचा बांध घालून बांधला, असे मानले जाते. छोटा तलाव त्याच्या खालच्या अंगाला 1794 मध्ये झाला. 1965 मध्ये भदभद्याला अकरा दरवाजांचे धरण उभे राहिले आणि बड्या तलावाची साठवण वाढली. तेव्हापासून पूर्ण साठ्याची पातळी 1666.80 फूट धरली जाते. पावसाळ्यात पाणी या आकड्याला टेकले की भदभद्याचे दरवाजे उघडतात आणि जादा पाणी कलियासोतकडे वाहते.

ही पूर्ण साठ्याची पातळी, म्हणजेच एफटीएल, काठावरच्या सगळ्या परवानग्यांचा पाया आहे. ती जिथे जमिनीला टेकते तिथे हद्दीचे खांब रोवले जातात. भोपाळकर त्यांना मुनारे म्हणतात. मुनाऱ्याच्या आतली जमीन वर्षातले कित्येक महिने कोरडी दिसली तरी ती तलावाचीच असते. पश्चिमेला, कोलांस तलावात येते त्या बाजूला, जमिनीचा उतार फार कमी आहे. तिथे पातळी फूटभर उतरली तरी मोठा पट्टा उघडा पडतो. उन्हाळ्यात त्यावर पीक घेतले जाते, गुरे चरतात आणि डबरही येऊन पडतो. पूर्वेच्या श्यामला टेकडीकडे किंवा दक्षिणेच्या वनविहाराकडे काठ उभा आहे. तिथे पाणी कितीही ओसरले तरी काठ फारसा हलत नाही. म्हणून अतिक्रमणाचा प्रश्न एकाच तलावाच्या दोन काठांवर वेगवेगळ्या रूपात समोर येतो.

केंद्राचे नियम

दोन्ही तलाव मिळून होणाऱ्या भोज पाणथळ क्षेत्राला ऑगस्ट 2002 मध्ये रामसर करारातला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र सुमारे 3,200 हेक्टर आहे. या दर्जाचे कायदेशीर वजन पाणथळ (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, 2017 मध्ये दिसते. पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय या नियमांच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. भोपाळच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा बड्या तलावातून येतो, आणि तलाव मानवनिर्मित आहे. तरीही रामसर यादीतल्या स्थळांना नियम लागू होतात असे त्यातच स्वतंत्रपणे म्हटले आहे, म्हणून भोज क्षेत्राला त्यांचे संरक्षण मिळते.

नियम 4 मध्ये बंदी असलेली कामे दिली आहेत : पाणथळ जागेचा दुसऱ्या कामासाठी वापर, नवे उद्योग आणि जुन्यांचा विस्तार, घनकचरा व बांधकामाचा राडारोडा टाकणे, प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे, आणि 50 मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकाम. बोटींच्या धक्क्यापुरती सवलत आहे. हे 50 मीटर मागच्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून मोजायचे असतात. भोपाळमध्ये मात्र अंतर एफटीएलपासून धरले जाते : शहर हद्दीत 50 मीटर, ग्रामीण भागात 250 मीटर. हा फरक महत्त्वाचा आहे. पाऊस कमी झालेल्या वर्षी तलाव भरत नाही, त्यामुळे दहा वर्षांची सरासरी काढली तर रेषा पाण्याकडे सरकते. एफटीएल पावसागणिक बदलत नाही. तलावाच्या दृष्टीने तीच अधिक सुरक्षित आहे.

परवानगीचा क्रम

काठालगतच्या भूखंडावर काम काढणाऱ्याला निदान चार पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली महसूल खात्याची. खसरा (भूखंडाचा उतारा), नकाशा आणि बी-1 (खातेदाराचा उतारा) काढून जमीन खासगी आहे की शासकीय हे पाहायचे आणि सीमांकन, म्हणजे आपल्याकडची मोजणी, करून घ्यायची. शासकीय जमिनीवरचा कब्जा निघाला तर मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 च्या कलम 248 खाली तहसीलदार कारवाई करू शकतो. दुसरी पायरी नगर तथा ग्राम निवेश विभागाची, जिथे विकास योजनेतला जमिनीचा वापर तपासला जातो. मुदत सरूनही इथे 2005 ची योजनाच वापरात राहिली. 2031 साठीचा मसुदा 2020 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये हरकतींसाठी प्रसिद्ध झाला. तिसरी पायरी एफटीएलपासूनच्या अंतराची. हे अंतर मोजणीच्या नकाशावर दाखवावे लागते. या तिन्ही बाबी जुळल्या की चौथी पायरी : मध्य प्रदेश भूमी विकास नियम, 2012 प्रमाणे महापालिकेकडून नकाशा मंजूर करून घेणे.

प्रत्यक्षात गोंधळ लहान कामांत होतो. जुन्या घराचा गिलावा करणे किंवा छताची गळती थांबवणे ही दुरुस्ती झाली. त्याच घराला मागे खोली जोडणे, कुंपणाच्या जागी पक्की भिंत घालणे किंवा सखल परसात मुरूम टाकून ते उंच करणे हे मात्र बांधकाम किंवा भराव ठरू शकते. भरावाने तलावाची साठवण कमी होते आणि पावसाचे पाणी शेजारच्या घराकडे वळते. काठाजवळच्या शोषखड्ड्यातला मैला मुरत मुरत पाण्यात पोचतो. 50 मीटरचा पट्टा मोकळा असला तर गवत आणि झुडपे उतारावरून येणारा गाळ अडवतात. मोकळा पट्टा राखण्यामागचे कारण हे आहे. काठाचे रूप सुंदर दिसणे हा त्याचा उपलाभ.

कलियासोतची बाजू

नेहरू नगराच्या दुसऱ्या अंगाला वेगळे बंधन आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2014 मध्ये कलियासोत नदीच्या दोन्ही काठांना 33 मीटरचा पट्टा बांधकामाविना हिरवा ठेवण्याचा आदेश दिला. कलियासोत पुढे बेतव्याला मिळते, म्हणजे इथल्या काठावरच्या चुकीचा परिणाम शहराबाहेरही पोचतो. घर घेणाऱ्याने आपला भूखंड तलावाच्या बाजूला आहे की नदीच्या, हे आधी पाहावे. दोन्हीकडचे अंतर आणि आधार वेगळे आहेत.

अंमलबजावणी

हरित लवादाचे मध्य विभागीय खंडपीठ भोपाळमध्येच आहे, आणि तलावाविषयीचे मोठे निर्णय अलीकडे तिथूनच आले. सप्टेंबर 2023 मध्ये लवादाने भोज पाणथळ क्षेत्रात क्रूझ आणि मोटारबोटी चालवण्यास मनाई केली. फेब्रुवारी 2024 मध्ये लवादाच्या आदेशानुसार भदभदा वस्तीतली शेकडो घरे प्रशासनाने पाडली. कित्येक दशके राहिलेली कुटुंबे काही दिवसांत बेघर झाली. तलाव वाचवायलाच हवा, पण पाडकामाचा भार आधी कच्च्या घरावर आणि नंतर, जमल्यास, पक्क्या इमारतीवर पडणार असेल तर नियमावरचा लोकांचा विश्वास उरत नाही. काठालगतच्या हॉटेलला, मॅरेज गार्डनला, बंगल्याला आणि झोपडीला एकच रेषा लागू व्हायला हवी, आणि ज्याचे घर जाते त्याचे पुनर्वसन कारवाईच्या आधी ठरायला हवे.

डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाणथळ जागांच्या सीमा प्रत्यक्ष जमिनीवर आखण्यास सांगितले आणि रामसर स्थळांवर देखरेख ठेवण्याचे काम उच्च न्यायालयांकडे सोपवले. महाराष्ट्रातल्या नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी या तिन्ही रामसर स्थळांनाही हे लागू आहे. भोपाळचा अनुभव त्यांच्या उपयोगाचा आहे. रेषा फक्त कचेरीतल्या नकाशावर राहिली तर खरेदीदार फसतो, अधिकाऱ्याला सोयीचा अर्थ लावता येतो आणि गरिबाला आपण कुठे उभे आहोत हे पाडकामाच्या दिवशी कळते. मुनारा जागेवर असेल, त्याची नोंद खसऱ्यात असेल आणि महापालिका नकाशा मंजूर करताना ती नोंद वाचणार असेल, तर बहुतेक वाद पाया खणण्याआधीच मिटतात.

(पुढील लेखांक : ठाणे खाडीचा काठ)