आधी कावळे, मग काळे

इडलीचे पीठ नागपुरात मे महिन्यात दुपारपर्यंत फुगून वर येते. तेच महाबळेश्वरला थंडीत रात्रभर ठेवले तरी बसूनच राहते. कृती तीच, माप तेच. बदलते ते भोवतालचे हवामान. संगणकाच्या प्रोग्रॅमलाही असे हवामान असते.

भाषा कोणती, घड्याळ कुठल्या देशाचे, फायली कुठे शोधायच्या, या गोष्टी प्रोग्रॅमच्या बाहेर नाव आणि किंमत अशा जोडीने ठेवतात. त्यांना 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल' म्हणतात. १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून ही सोय आहे.

आपल्या मराठीचेच उदाहरण घ्या. वर्णमालेत 'ळ' येतो 'ह'नंतर. म्हणून अकारविल्हे यादीत कावळे आधी, काळे नंतर. पण युनिकोडमध्ये 'ळ'चा क्रमांक 'ल'च्या लगेच पुढे, म्हणजे 'व'च्या आधी आहे. लिनक्समध्ये 'एलसी_ऑल' या व्हेरिएबलची किंमत 'सी' असेल, तर 'सॉर्ट' ही आज्ञा नुसते क्रमांक पाहते आणि काळ्यांना कावळ्यांच्या आधी बसवते. किंमत मराठीची असेल, तर ती मराठीचे नियम विचारते. प्रोग्रॅममध्ये मात्र एक अक्षरही बदललेले नसते!

म्हणूनच 'माझ्या यंत्रावर बरोबर चालते' एवढ्यावर चाचणी संपत नाही. चाचणीच्या आज्ञा एकाखाली एक लिहिलेली फाइल म्हणजे शेल स्क्रिप्ट. तिच्या पहिल्याच ओळींत या किमती स्पष्ट लिहाव्यात आणि त्यांच्याआधी 'एक्स्पोर्ट' हा शब्द घालावा. त्यामुळे पुढे चालणाऱ्या प्रोग्रॅमला ती किंमत वारशाने मिळते. हा वारसा वरून खालीच जातो. खालच्याने किंमत बदलली, तरी वरच्याची तशीच राहते.

मग यादी एकदा 'सी' ठेवून आणि एकदा मराठी ठेवून लावावी व अपेक्षित क्रमाशी ताडून पाहावी. त्याआधी यंत्रावर मराठी बसवलेली आहे ना, हे 'लोकेल' या आज्ञेने तपासावे. नसेल, तर 'सॉर्ट' तक्रार न करता क्रमांकांवर परत येते.

हे सगळे दोन आडनावांसाठी? समजा, प्रवेशाची लांबलचक यादी कॉलेजच्या फळ्यावर लागली आहे. काळे आडनावाची मुलगी शाळेत शिकलेल्या क्रमाने कावळ्यांच्या पुढे आपले नाव शोधते. ते दिसत नाही. नाव यादीत असते, पण ती प्रवेश हुकला असे समजून घरी जाते.