रुग्णनोंदींचे स्थलांतर : एक त्रिविध कर्म

चिकित्सालयातील केसपेपर आणि औषधीभांडारातील साठावही संगणकात येऊन आता बराच काळ लोटला. दोन गावी चिकित्सा करणारे वैद्य आणि एकाहून अधिक दुकाने सांभाळणारे औषधविक्रेते आता हा डेटाबेस एका संगणकात न ठेवता वेब होस्टिंगच्या खात्यावर नेऊ लागले आहेत. त्यातील सोय निर्विवाद आहे. तथापि हे काम म्हणजे केवळ एक फाइल इकडून तिकडे पाठविणे, अशी जी समजूत आढळते ती आम्हांस चिंताजनक वाटते. अमुक औषधाने रुग्णास पूर्वी बाधा झाली होती, ही नोंद वाटेत पुसली गेली तर तिचा अभाव पडद्यावर दिसत नाही. तो पुढील चिकित्सेत दिसतो.

आचार्य सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात कर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे तीन भाग सांगितले आहेत. येथेही तोच क्रम उपयोगी पडतो. चिकित्सालयातील विंडोज संगणकावर मायएसक्यूएलचा डेटाबेस आहे आणि तो लिनक्सवर चालणाऱ्या सामाईक होस्टिंगवर न्यावयाचा आहे, असे आम्ही गृहीत धरतो.

पूर्वकर्म

प्रथम मूळ डेटाबेसची पूर्ण प्रत काढून ती वेगळ्या डिस्कवर ठेवावी. त्यानंतरच शोधनास हात घालावा.

पहिला दोष लिपीचा. श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या जुन्या फाँटमध्ये केलेल्या नोंदी वस्तुतः देवनागरी नसतात; आत रोमन संकेत आणि वर मराठी अक्षरांचे चित्र, अशी त्यांची घडण असते. तो फाँट होस्टिंगवरील पानास उपलब्ध नसला की 'आरोग्यवर्धिनी'च्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. अशा नोंदी स्थलांतरापूर्वीच युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात. जोडाक्षरे, रफार आणि 'ऱ्य', 'ऱ्ह' येथे रूपांतरात चूक होण्याचा संभव अधिक. म्हणून औषधांची संपूर्ण यादी एकदा डोळ्यांखालून घालावी.

दुसरा दोष अंकांचा. मात्रेच्या किंवा साठ्याच्या रकान्यात '१२' असे देवनागरी अंक मजकूर म्हणून असतील, तर मायएसक्यूएल त्यांना संख्या मानत नाही. बेरजेत त्यांची किंमत शून्य धरली जाते.

तिसरा दोष एक्सेलच्या मार्गाने शिरतो. बॅच क्रमांकाच्या आरंभीची शून्ये तेथे गळून पडतात. तारखेचा दिवस व महिना यांची अदलाबदल झाली तर ५ एप्रिलचे ४ मे होते. मुदतबाह्यतेची तारीख अशी बदलली तर औषध विक्रीयोग्य आहे की नाही, हाच निर्णय चुकतो. बॅच क्रमांकाचा रकाना मजकूर म्हणूनच ठेवावा. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावी.

प्रधानकर्म

होस्टिंगच्या खात्यात रिकामा डेटाबेस व त्याचा वापरकर्ता निर्माण करावा. सीपॅनेल असलेल्या ठिकाणी या दोन्ही नावांपुढे बहुधा खात्याचे नाव आपोआप जोडले जाते. प्रणालीच्या जोडणीच्या फाइलमध्ये ते पूर्ण नाव लिहावे. अक्षरसंच यूटीएफ-८-एमबी-४ हाच निवडावा. मायएसक्यूएलच्या ८.० या २०१८ च्या आवृत्तीपासून तो मूलतः असतो. त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत लॅटिन-१ असे. लॅटिन-१ च्या तक्त्यात देवनागरी मजकूर प्रश्नचिन्हे होऊन साठविला गेला, तर त्या प्रश्नचिन्हांतून मूळ अक्षरे पुन्हा मिळत नाहीत.

यानंतर मूळ संगणकावरून एसक्यूएल फाइल काढून ती पीएचपी-माय-अ‍ॅडमिनमधून आयात करावी. पीएचपीची मूळ मर्यादा २ एमबी आहे. होस्टिंग कंपन्या ती वाढवून देतात, तरी मोठी फाइल संकुचित करून किंवा तक्त्यांनुसार विभागून द्यावी. विंडोजवर तक्त्याच्या नावातील लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद मानला जात नाही, लिनक्सवर सामान्यतः मानला जातो; कालपर्यंत चालणारी प्रणाली 'तक्ता सापडत नाही' असे म्हणू लागली तर कारण बहुधा येथेच असते.

एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगू. ही एसक्यूएल फाइल संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये क्षणभरही ठेवू नये. तिचा पत्ता ज्यास कळेल त्यास सर्व रुग्णांची माहिती एका क्लिकमध्ये उतरवून घेता येते.

पश्चात्कर्म

आयात यशस्वी झाल्याचा संदेश म्हणजे कर्माची समाप्ती नव्हे. प्रत्येक तक्त्यातील नोंदींची संख्या दोन्हीकडे ताडावी. एकूण साठ्याची बेरीज जुळवावी. जुने, मधले व अलीकडचे असे काही केसपेपर निवडून प्रकृती, निदान, औषध, मात्रा, अनुपान व पूर्वबाधा ही सर्व माहिती ओळीने वाचावी. प्रश्नचिन्ह असलेल्या नोंदींचा शोध स्वतंत्रपणे घ्यावा. हे काम तंत्रज्ञावर सोपवू नये. 'सूतशेखर' आणि 'सूतराज' यांतील भेद वैद्यालाच कळतो.

होस्टिंग कंपनी बॅकअप घेते, यावर विसंबू नये. स्वतःची प्रत नियमित उतरवावी आणि ती पुन्हा भरून चालते, हे अधूनमधून पाहावे. जी प्रत कधी भरून पाहिली नाही, तिचा भरवसा धरता येत नाही. इंटरनेट बंद पडल्यास दुकान अडू नये, म्हणून दिवसाच्या साठ्याची छापील यादीही हाताशी असावी.

उत्तरदायित्व कोणाचे?

माहिती दुसऱ्याच्या सर्व्हरवर गेली तरी जबाबदारी तिच्याबरोबर जात नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार, होस्टिंग कंपनीकडून प्रक्रिया करून घेतली तरी उत्तरदायित्व मूळ संस्थेचेच, म्हणजे आपले राहते. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होण्याची तरतूद आहे. म्हणून प्रत्येक सेवकास स्वतंत्र पासवर्ड द्यावा, औषधभांडारातील सेवकास केसपेपर उघडता येऊ नये आणि सर्व व्यवहार एचटीटीपीएसनेच व्हावा.

हे सर्व जुळल्यावरही जुन्या संगणकातील माहिती लगेच पुसू नये. किमान एक महिना नव्या ठिकाणी निर्वेध काम व्हावे, महिनाअखेरचा साठा प्रत्यक्ष मोजून ताडावा आणि मगच जुना डेटाबेस बंद करावा, अशी आमची वैद्यवर्गास व औषधविक्रेत्यांस विनंती आहे.