व्हीपीएन ‘कनेक्टेड’ आहे, पण काहीच उघडत नाही: नेमकं अडतंय कुठे?

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि पुण्यात आयटीत काम करणारी सातारा-सांगलीची कितीतरी मुलं लॅपटॉप घेऊन घरी आली. तेव्हापासून हिशोब सरळ आहे: व्हीपीएन चाललं तर गावी राहून काम करता येतं, नाही चाललं तर पुण्याची एसटी. म्हणून आजचा भाग त्यावरच.

पहिली गोष्ट, ‘व्हीपीएन चालत नाही’ एवढंच म्हणून थांबू नका. कुठल्या टप्प्यावर अडलंय ते बघा. टप्पे तीनच.

एक, इन्स्टॉलच होत नाही. क्लायंट विंडोजमध्ये एक आभासी नेटवर्क कार्ड बसवतो, त्याला अ‍ॅडमिन राइट्स लागतात. जुन्या क्लायंटचं कार्ड मागे राहिलं असेल तर नवा मध्येच अडकू शकतो. जुना काढा, रीस्टार्ट करा, मग नवा टाका. लॅपटॉप कंपनीचा असेल तर हे काम हेल्पडेस्ककडून करून घ्या. अँटिव्हायरस बंद करायच्या भानगडीत पडू नका.

दोन, कनेक्ट होत नाही. आधी लॅपटॉपची तारीख-वेळ बघा. ती चुकली की सर्व्हरचं चांगलं सर्टिफिकेटही बाद ठरतं. मग मोबाइलचा हॉटस्पॉट लावा. त्यावर चाललं म्हणजे लॅपटॉप आणि पासवर्ड ठीक आहे, घोळ घरच्या राउटरमध्ये किंवा नेटवाल्याकडे आहे. आयपीसेक प्रकारच्या व्हीपीएनला यूडीपीचे 500 आणि 4500 हे पोर्ट लागतात. ते वाटेत बंद असतील तर चक्र नुसतं फिरत राहतं. क्लायंटमध्ये टीसीपी 443 चा पर्याय असेल तर तो निवडा. साध्या वेबसाइट त्याच पोर्टवरून येतात, म्हणून तो सहसा उघडा असतो.

तीन, सगळ्यात फसवं: ‘कनेक्टेड’ दिसतं, चॅट चालतं, पण मोठी फाइल लटकते. उसाची भरलेली ट्रॉली पुलाखाली अडकते, सायकल निघून जाते, तसंच. साधारण पॅकेट 1500 बाइटचं. पीपीपीओई ब्रॉडबँड, म्हणजे राउटरमध्ये यूझरनेम-पासवर्ड टाकून चालणारं, त्यातले 8 घेतं. उरले 1492. वर व्हीपीएनचं वेष्टन.

तपासायचं कसं? व्हीपीएन बंद करून कमांड प्रॉम्प्टवर टाइप करा: पिंग, डॅश एफ, डॅश एल 1472, मग 1.1.1.1. या 1472 मध्ये हेडरचे 28 मिळवले की 1500 होतात. उत्तर आलं नाही तर आकडा दहा-दहाने कमी करत जा. ज्या आकड्याला उत्तर येतं तो लिहून ठेवा आणि आयटीला क्लायंटचा एमटीयू कमी करायला सांगा.

मोठं-छोटं काहीच उघडत नसेल तर आयपी बघा. घरचा राउटर 192.168.1 आणि ऑफिसचं नेटवर्कही 192.168.1 असेल, तर लॅपटॉप ऑफिसचा सर्व्हर तुमच्याच घरात शोधत बसतो. घरच्या राउटरची रेंज 192.168.57 अशी काहीतरी वेगळी करा.

आणि हेल्पडेस्कला फोन करताना चार गोष्टी हाताशी ठेवा: टप्पा कुठला, एरर कोड काय, हॉटस्पॉटवर चालतं का, पिंगचा आकडा किती. दोन दिवसांचं काम अर्ध्या तासात उरकू शकतं. भेटू पुढच्या भागात.