साखरेवर मेंदूचा पहारा

मधुमेह म्हटला की स्वादुपिंडाचे नाव प्रथम आठवते. परंतु रक्तातील साखरेवर मेंदूचाही अखंड पहारा असतो. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा अवघा २ टक्के. तरीही विश्रांतीच्या अवस्थेत सुमारे २० टक्के ऊर्जा तोच वापरतो, आणि तीही मुख्यतः साखरेपासून मिळवतो.

मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात भूक जागवणारे केंद्र असल्याचे डॉ. बी. के. आनंद व डॉ. जॉन ब्रोबेक यांनी १९५१ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. येथील काही पेशी साखरेची पातळी ओळखतात. ती उतरू लागताच भूक लागते, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते; घाम, थरथर व धडधड हे त्याच वेळचे इशारे होत.

साखर वारंवार उतरत राहिल्यास हे इशारे क्षीण होतात आणि रुग्ण एकाएकी बेशुद्ध पडू शकतो. म्हणूनच शिरूर-दौंड परिसरातील बांधवांना, मग ते रांजणगावच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारे असोत वा यवत-वरवंडमार्गे पालखीबरोबर उपवासाने चालणारे, आमची विनंती आहे : इन्सुलिन घेऊन जेवण टाळू नये. इशारा दिसताच, रुग्ण शुद्धीवर असल्यास, कुटुंबीयांनी तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. शुद्ध हरपल्यास तोंडाने काहीही न देता त्वरित रुग्णालयात आणावे.

हे ज्ञान घरोघरी पोहोचविणे, हीदेखील रुग्णसेवाच आहे, असे आम्ही मानतो.