ओट्यावरचा लिंबाचा डाग आणि बेलमची गुहा

हा भाग ऐकायचा राहिला असेल तर इथे वाचा. बोलताना झालेलं 'अं... अं...' काढून टाकलंय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

मी बेंगळुरूत सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आई-बाबा सांगलीजवळच्या आमच्या गावाहून महिनाभर राहायला आले होते, तेव्हा एका शनिवारी गाडी काढून आम्ही आंध्रात गेलो. पहिल्या दिवशी बेलम गुहा आणि तिथून साधारण 60 किलोमीटरवरची गंडीकोट्याची दरी दुसऱ्या दिवशी. एक जमिनीखाली, दुसरी उघड्यावर. दोन्ही पाण्यानेच केलेल्या, पण एकमेकींसारख्या अजिबात नाहीत. असं का, तेच आज सांगायचंय.

सुरुवातीलाच आईने विचारलं, "लेणी आहेत का गं तिथे?" आपल्याला गुहा म्हटलं की अजिंठा, वेरूळ, कार्लेच आठवतात. पण ती माणसांनी छिन्नीने कोरलेली लेणी. आपला सह्याद्री काळ्या बसाल्टचा. तो झिजतो, फुटतो, पण पाण्यात विरघळून त्यात मैलोगणती बोगदे होत नाहीत. बेलमचा दगड वेगळा आहे. तो चुनखडक आहे.

आणि हा दगड तुमच्या ओळखीचा आहे बरं का! आपल्या स्वयंपाकघरातला ओटा ज्याचा असतो तो काळा कडप्पा म्हणजे याच भागातून येणारा चुनखडक. त्याचं नावच कडप्पा जिल्ह्यावरून पडलंय. आता आठवा, ओट्यावर लिंबू पिळताना चार थेंब सांडले आणि पुसायचे राहिले तर काय होतं? तिथली चकाकी जाते, पांढुरका डाग पडतो आणि कितीही घासला तरी तो जात नाही. कारण तो डाग नसतोच. लिंबाच्या आम्लाने तेवढा दगड खाल्लेला असतो.

बेलमची गुहा अशीच झाली. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आंबट होतं. लिंबापेक्षा कितीतरी सौम्य, पण त्याला घाई नसते. चुनखडकातल्या भेगांमधून ते लाखो वर्षं फिरत राहिलं. भेगेची फट झाली, फटीची वाट झाली. पुढे पाण्याची पातळी खाली गेली आणि वाटा रिकाम्या राहिल्या. त्यांची मोजलेली लांबी 3,229 मीटर आहे, त्यातली साधारण दीड किलोमीटर आपल्याला बघता येते.

मग छताला लटकणारे लवणस्तंभ कुठून आले? त्यासाठी गिझर उघडून बघा. बोअरच्या पाण्याने कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तो ओट्यावरच्या क्रियेचा उलटा प्रवास आहे. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की विरघळलेला चुना मागे राहतो. गिझरमध्ये हे उष्णतेमुळे पटकन होतं, गुहेत थेंबाथेंबाने. म्हणून तिथे हात लावू नका म्हणतात. हाताचं तेल बसलं की नवा चुना तिथे नीट धरत नाही.

आत उकडतं, ही पूर्वसूचना. बाहेरून पाईपने हवा सोडलेली आहे, तरी दमटपणामुळे दहा मिनिटांत कपडे अंगाला चिकटतात. बाबांना बीपी आहे. एका अरुंद वाटेपाशी ते थांबले आणि म्हणाले, "तुम्ही या जाऊन, मी इथेच बसतो." आम्ही त्यांना एकटं सोडलं नाही. आई त्यांच्यासोबत मागे फिरली आणि पाताळगंगेपर्यंत मी एकटी गेले. ही गुहेतली सर्वांत खोल जागा. तिथे एक छोटासा झरा वाहतो आणि दगडात गडप होतो. तो पुढे बेलम गावातल्या विहिरीला मिळतो, असं मानतात.

हे लक्षात ठेवा आणि आता पुढचं ऐका. रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाने 1884 मध्ये या गुहेची नोंद केली. त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, 1982 ते 84 च्या दरम्यान, डॅनिएल गेबाउर यांच्या जर्मन तुकडीने आत शिरून नकाशे केले. आणि तरीही 1988 पर्यंत आसपासच्या वस्त्यांचा कचरा याच गुहेत पडत होता! लोकांच्या दृष्टीने तो जमिनीतला एक आयता खड्डा होता. मग स्थानिकांच्या पुढाकाराने सफाई झाली आणि 2002 मध्ये गुहा पर्यटकांसाठी उघडली.

चुनखडकाच्या प्रदेशात ही गोष्ट जास्तच गंभीर असते. एरवी माती आणि वाळू पाणी थोडंफार गाळतात. इथे पाणी सरळ मोकळ्या बोगद्यातून पळतं. वर टाकलेलं खाली कोणाच्या घागरीत जाईल, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी गंडीकोटा. तेलुगूत 'गंडी' म्हणजे घळ आणि 'कोटा' म्हणजे किल्ला. इथे पेन्ना नदीने एर्रमला डोंगर कापलाय. इथला दगड क्वार्ट्झाइट, म्हणजे वाळूचे कण एकमेकांत घट्ट जुळून झालेला. यावर लिंबू पिळा, काही होणार नाही. म्हणून नदीला इथे विरघळवण्याचा सोपा रस्ता नव्हता. वाळू-गोटे घेऊन घासत, भेगांवरून तुकडे पाडत तिला वाट काढावी लागली. त्यामुळेच कडे असे उभे आहेत आणि काठावर चौकोनी दगड कोणीतरी रचून ठेवल्यासारखे दिसतात. कड्याला कठडा नाही, तेव्हा सेल्फी घेताना जपून. संध्याकाळच्या उन्हात दगड लालभडक होतो, तेव्हा पोहोचा.

तिथे बसल्यावर मी आईला झऱ्याचं आणि कचऱ्याचं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपल्या विहिरीचं आपणही तेच केलं की."

खरंय. गावात नळ आला आणि आमच्या घरामागच्या विहिरीत आधी निर्माल्य जायला लागलं, मग फुटकी बादली, मग काहीही. लहानपणी मी स्वतः त्यात पिशव्या टाकल्यात. बाजूला दोन घरं अजून हातपंपावर आहेत, हे मला कधी सुचलंच नाही. बाबा म्हणाले, "मे महिन्यात पाणी तळाला जातं, तेव्हा गाळ काढू." मी सुट्टी टाकली आहे.

तुम्ही जाणार असाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जा. सकाळी लवकर बेलम, पायात न घसरणारी चप्पल, सोबत पाणी. दम्याचा किंवा बीपीचा त्रास असलेल्यांनी आत जायची जिद्द धरू नये. आणि तुमच्या गावातल्या जुन्या विहिरीत सध्या काय आहे, ते एकदा वाकून बघा आणि मला कळवा.

भेटू पुढच्या भागात!