ढावलो टिपायचा कोणी?

वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातली पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला रामनवमीत लांबलांबचे तांडे इथे लोटतात. 2024 च्या ऑक्टोबरात इथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. आरसेकाम केलेला घागरा काचेआड ठेवता येतो, दागिनेही ठेवता येतात. ढावलो कसा ठेवणार?

ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या नवरीनं रडत रडत म्हटलेलं गाणं. आई, भाऊ, सख्या अशा एकेकाच्या गळ्यात पडून ती गाते. होळीची लेंगी सगळा तांडा मिळून गातो, ढावलो त्या एकटीचा. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहिली जाते, तेलंगणात तेलुगू लिपीत. लिहिलेलं मुळातच थोडं, त्यामुळे बहुतेक ठेवा जुन्या बायकांच्या कंठातच आहे.

आता तो उतरवून घ्यायला जायचं कोणी? बंजारा माणूस स्वतःला गोर म्हणतो आणि बाहेरच्याला कोर. कोर रेकॉर्डर घेऊन आला, की म्हातारी चारचौघांत म्हणायचं एखादं गाणं म्हणते आणि चहा पाजून त्याला वाटेला लावते. तांड्यातलीच सून शेजारी बसून "याडी (आई), तू निघालीस तेव्हा कुणाच्या गळ्यात पडलीस?" असं विचारते, तेव्हा निघतं ते वेगळंच.

मुळशी-मावळच्या डोंगरांत हे पूर्वीच घडून गेलंय. 1980 च्या दशकात गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर हे अभ्यासक-कार्यकर्ते तिथल्या गरीब डोंगरी संघटनेबरोबर काम करत होते. संघटनेतल्या खेड्यातल्या बायकांनीच गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या मिळवायला सुरुवात केली. मागणारीनं स्वतः पहाटे दळण दळलेलं, त्यामुळे सांगणारीला संकोच नव्हता. सासू, नवरा, दारू, आंबेडकर, काहीच झाकून ठेवावं लागलं नाही. पुढे बर्नार्ड बेल या फ्रेंच अभ्यासकाच्या साथीनं ध्वनिमुद्रण झालं. हजारावर गावं आणि लाखाहून अधिक ओव्या, एवढा तो संग्रह वाढला. आज तो 'परी'च्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर आहे. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव, जात आणि कामधंदाही नोंदलेला असतो. जुन्या लोकगीतसंग्रहांत बहुधा 'एक बाई' एवढ्यावरच भागत असे!

मोबाईल चालवायला तांड्यातल्या पोरांना कुणी शिकवायला नको. शिकवावं लागतं गप्प बसायला. म्हातारी अडली, की शब्द पुरवायचा नाही. "जुनं गाणं म्हणा" असं फर्मावण्यापेक्षा "हे कधी म्हणायचे, कुणाकडून ऐकलं?" असं विचारायचं. ध्वनिमुद्रणाआधी परवानगी घ्यायची, नंतर तिलाच ते ऐकवायचं, आणि ती "हे नको" म्हणाली तर मुकाट्यानं पुसायचं. गोरबोलीतला शब्द मराठी वळणावर 'शुद्ध' करायचा मोह तर पहिल्या दिवशीच मोडावा लागतो.

वेळापत्रकही तांड्याचंच लागतं. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली घरं उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तीज येते श्रावणात. कुमारिका टोपलीत गहू पेरतात, रोज गात गात त्याला पाणी घालतात आणि गोकुळाष्टमीच्या सुमारास त्याचं विसर्जन करतात. शहरातून आलेल्या पथकाला विसर्जनाची मिरवणूक तेवढी सापडते. आधीच्या संध्याकाळची गाणी शेजारच्या घरातल्या मुलीच्या कानावर आपसूक पडत असतात.