वर्गत्रिपदीची जवळची वाट

कला शाखेच्या विद्यार्थ्याने गणितावर लिहावे, याचे कुणाला नवल वाटेल. पण आमच्या आळीतली आठवीची चार-पाच मुले संध्याकाळी माझ्याकडे शिकायला येतात. त्यांच्या घरी, माझ्या घरच्याप्रमाणेच, अडलेले विचारावे असे शिकलेले कुणी नाही.

वर्गत्रिपदीचे अवयव पाडताना मुले अडखळत, म्हणून मी त्यांना एक जवळची वाट दाखवली. ६क्ष² + ११क्ष + ३ ही राशी घ्या. पहिल्या पदाच्या सहगुणकाने शेवटच्या पदाला गुणावे; ६ × ३ = १८. आता क्ष² + ११क्ष + १८ चे अवयव पाडावेत. गुणाकार १८ व बेरीज ११ अशा संख्या २ आणि ९. म्हणून (क्ष + २)(क्ष + ९). मग २ व ९ यांना त्याच ६ ने भागावे. १/३ आणि ३/२ मिळतात. छेद उचलून क्ष चा सहगुणक करावा. उत्तर (३क्ष + १)(२क्ष + ३). गुणून ताळा पाहिला, तो जुळला. मुले खूश, मीही खूश!

दुसऱ्या दिवशी एका मुलीने ४क्ष² + १०क्ष + ४ हे उदाहरण सोडवले. त्याच रीतीने (२क्ष + १)(क्ष + २) आले; पण ताळा करताच २क्ष² + ५क्ष + २ मिळाले. "दादा, हे निम्मंच कसं आलं?" तिने विचारले. मला सांगता येईना. रीत मीसुद्धा नुसती पाठच केली होती.

त्या रात्री वही घेऊन बसलो, तेव्हा उलगडा झाला. आपण खरे तर सबंध राशीलाच ६ ने गुणतो: (६क्ष)² + ११(६क्ष) + १८. याचे अवयव (६क्ष + २)(६क्ष + ९). पहिल्यातून २ व दुसऱ्यातून ३ बाहेर निघतात. २ × ३ = ६, म्हणजे उसने घेतलेले ६ फिटले. दुसऱ्या उदाहरणात मात्र (४क्ष + २)(४क्ष + ८) मधून २ व ४, म्हणजे एकूण ८ बाहेर निघतात. उसने तर ४ च घेतले होते! उरलेला २ मूळ राशीचाच. म्हणून खरे उत्तर २(२क्ष + १)(क्ष + २). तिन्ही पदांत सामाईक अवयव असेल, तर तो आधीच बाहेर काढावा.

गुणून घेण्याची ही युक्ती जुनी आहे. वर्गसमीकरणाच्या दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे, ही श्रीधराचार्यांची रीत भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास आपल्या 'बीजगणिता'त नोंदवली आहे.

जवळची वाट शिकवूच नये, असे माझे म्हणणे नाही. परीक्षेत तिने वेळ वाचतो. पण ज्याला घरी विचारायला कुणी नाही, त्याला वाट चुकल्यावर परत कसे यायचे, तेही सांगायला हवे. आता मुले आधी सामाईक अवयव पाहतात आणि शेवटी ताळा केल्याशिवाय वही मिटत नाहीत. मीही कारण समजून घेतल्याशिवाय त्यांच्यासमोर बसत नाही.